औषधसाठ्याची बॅचवार नोंद : फ्लास्कच्या साहाय्याने एक छोटे वेब ॲप्लिकेशन

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात वितरकाचे एक पत्र आले. एका चूर्णाच्या अमुक क्रमांकाच्या बॅचमध्ये ओलावा आढळल्याने शिल्लक माल परत पाठवावा, एवढाच मजकूर होता. खरेदीची बिले पाहता त्या बॅचची अर्ध्या किलोची चार पाकिटे आमच्याकडे आल्याचे दिसले. शेल्फवर एक पाकीट बंद होते, ते त्वरित बाजूला काढले. उरलेल्या तीन पाकिटांतील चूर्ण कोणाकोणास दिले गेले, या प्रश्नास मात्र उत्तर नव्हते. केसपेपरवर औषधाचे नाव होते, मात्रा होती, अनुपान होते. बॅच क्रमांक कोठेही नव्हता. कंपाउंडर व मी दोन रात्री केसपेपर चाळून संभाव्य रुग्णांची यादी केली व दूरध्वनी केले. काही रुग्ण भेटले, काहींचा ठाव लागला नाही. कोणास अपाय झाल्याचे कानावर आले नाही. परंतु कानावर न येणे म्हणजे अपाय न होणे नव्हे, हे वाचकांस सांगावयास नको.

या प्रसंगानंतर औषधसाठ्याची नोंद संगणकावर ठेवण्याचे ठरविले. बाजारातील तयार प्रणाली पाहिल्या. बहुतेकींचा भर बिल व हिशोब यांवर होता; चूर्णे मिसळून पुड्या बांधण्याच्या आपल्या पद्धतीस त्या सोयीच्या वाटल्या नाहीत. अखेरीस एक छोटे वेब ॲप्लिकेशन स्वतःच तयार केले. प्रस्तुत लेखात त्याची रचना, कृती व त्यात घडलेल्या चुका क्रमाने दिल्या आहेत. संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या, परंतु चिकाटी असलेल्या वैद्यास किंवा औषधविक्रेत्यास हे काम काही रविवारांत जमण्यासारखे आहे.

१. आधी प्रश्न, मग यंत्र

निदानाआधी औषध योजणे जसे अनुचित, तसेच प्रश्न निश्चित करण्याआधी आज्ञावली लिहावयास बसणे अनुचित होय. आम्ही दोनच प्रश्न ठरविले.

(अ) अमुक बॅचचे औषध कोणाकोणास, केव्हा व किती दिले?
(आ) येत्या ९० दिवसांत कोणत्या औषधाची मुदत संपते?

बिल, भेटीच्या वेळा, हिशोब, आप्तांना संदेश पाठविणे इत्यादी सर्व मोहक गोष्टी हेतुपुरस्सर वगळल्या. वरील दोन प्रश्नांची अचूक उत्तरे देणारे छोटे साधन हे दहा गोष्टी अर्धवट करणाऱ्या मोठ्या साधनापेक्षा श्रेयस्कर आहे.

२. फ्लास्कची निवड

वेब ॲप्लिकेशनचे कार्य मुळात साधे असते. ब्राउझरमधून एका पत्त्यावर मागणी येते. संगणकावर चालू असलेली आज्ञावली त्या मागणीनुसार माहिती शोधते किंवा साठविते आणि उत्तरादाखल एक पान परत पाठविते. प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये समान असणारा हा भाग पुनःपुन्हा लिहावा लागू नये म्हणून तयार चौकटी उपलब्ध असतात, त्यांस फ्रेमवर्क म्हणतात.

पायथॉन या संगणकीय भाषेत अशी अनेक फ्रेमवर्क आहेत. २००५ मध्ये प्रसृत झालेले जँगो हे त्यांपैकी भरगच्च आहे. वापरकर्त्यांची खाती, व्यवस्थापनाची पाने, डेटाबेसशी संधान हे सर्व त्यात सिद्ध असते. अनेक शाखांच्या संस्थेस ते योग्य ठरेल. याउलट आर्मिन रोनाखर यांनी २०१० मध्ये आणलेले फ्लास्क हे हलके फ्रेमवर्क आहे. कोणत्या पत्त्यास कोणते कार्य करावयाचे हे ठरविणे आणि पानाच्या साच्यात माहिती भरणे, एवढेच ते मुख्यत्वे करते. डेटाबेस कोणता वापरावा हे ते सांगत नाही. एकेरी द्रव्याने कार्य साधत असता बहुद्रव्यी कल्पाकडे का वळावे, हा विचार येथेही लागू पडतो. फ्लास्कची सर्व आज्ञावली खुली असून ते विनामूल्य वापरता येते.

३. साधनसामग्री

(१) विंडोज किंवा लिनक्स असलेला कोणताही सुस्थितीतील संगणक.
(२) पायथॉन ३ ची चालू आवृत्ती. विंडोजवर स्थापना करताना पायथॉनचा मार्ग 'पाथ'मध्ये जोडण्याच्या पर्यायावर खूण करावी. ती राहिल्यास पुढील आज्ञा संगणक ओळखत नाही आणि नवशिका येथेच अडतो.
(३) एसक्यूलाइट हा डेटाबेस. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये प्रथम प्रसृत केलेला हा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो. तो पायथॉनबरोबरच येत असल्याने वेगळा आणावा लागत नाही.
(४) दोन पेन ड्राइव्ह. यांचा उपयोग पुढे सांगितला आहे.

४. कृती

पुढील आज्ञा संगणकावर रोमन लिपीत टंकित करावयाच्या आहेत. येथे केवळ त्यांचा उच्चार व हेतू दिला आहे. नेमके वर्णलेखन फ्लास्कच्या अधिकृत दस्तऐवजात पाहावे.

प्रथम कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर करावे. त्यात पायथॉनच्या 'व्हेन्व्ह' या सोयीने आभासी परिसर निर्माण करावा. याचा अर्थ असा की, या कामासाठी आणलेली साधने याच फोल्डरात राहतात व संगणकावरील इतर कामांत मिसळत नाहीत. हा परिसर कार्यान्वित करून 'पिप इन्स्टॉल फ्लास्क' ही आज्ञा दिली की फ्लास्क व त्याचे सहायक भाग उतरवून घेतले जातात.

त्यानंतर 'ॲप' या नावाची पायथॉन फाइल करावी. तिच्यात आरंभी चारच गोष्टी असतात : फ्लास्क मागविणे, त्याची एक वस्तू निर्माण करणे, 'रूट' या खुणेने पत्ता सांगणे आणि त्या पत्त्यासाठी एक कार्य लिहून त्यातून मजकूर परत करणे. 'फ्लास्क रन' ही आज्ञा दिल्यावर ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ या पत्त्यावर, ५००० क्रमांकाच्या पोर्टवर तो मजकूर दिसू लागतो. १२७.०.०.१ म्हणजे हाच संगणक. बाहेरच्या कोणासही ते पान दिसत नाही. पहिल्या दिवशी येथवर पोहोचले तरी पुरे.

दुसऱ्या टप्प्यात 'टेम्प्लेट्स' नावाचे उपफोल्डर करून त्यात पानांचे साचे ठेवावेत. आम्ही चारच पाने केली : आवक, जावक, मुदत आणि बॅचशोध.

आवक व जावक या पानांवर माहिती भरली जाते, म्हणून ती 'पोस्ट' पद्धतीने पाठवावी आणि नोंद साठविल्यावर लगेच वापरकर्त्यास दुसऱ्या पानाकडे वळवावे. हे न केल्यास एखाद्याने पान ताजे करण्याची कळ दाबताच तीच नोंद पुन्हा जाण्याचा संभव असतो. आमच्याकडे आरंभी असेच होऊन एका दिवसात त्रिफळा चूर्णाचा साठा कागदोपत्री दुप्पट वेगाने संपला.

५. तक्त्यांची रचना

डेटाबेसमध्ये तीन तक्ते पुरतात.

औषध : क्रमांक, नाव, निर्माता, एकक. एकक नेहमी लहानात लहान घ्यावे : चूर्णास ग्रॅम, वटीस नग, आसव-अरिष्ट व तैलास मिलिलीटर. 'एक डबी' हे एकक घेऊ नये, कारण सर्व डब्या सारख्या नसतात.

आवक : क्रमांक, औषधाचा क्रमांक, बॅच, मुदत, परिमाण, आवकेची तारीख, खरेदी बिलाचा क्रमांक.

जावक : क्रमांक, आवकेचा क्रमांक, परिमाण, तारीख, केसपेपर किंवा विक्री बिलाचा क्रमांक.

यातील मर्म असे की, जावक ही औषधाशी न जोडता आवकेच्या विशिष्ट नोंदीशी जोडलेली आहे. त्यामुळे 'काय दिले' याबरोबर 'कोणत्या बॅचमधून दिले' हे आपोआप नोंदले जाते. तीन चूर्णे मिसळून पुड्या दिल्यास एकाच केसपेपर क्रमांकाखाली तीन जावक नोंदी होतात. शिल्लक साठ्याचा वेगळा स्तंभ ठेवू नये. आवकेतून जावकेची बेरीज वजा करून तो प्रत्येक वेळी काढावा. दोन ठिकाणी लिहिलेली एकच गोष्ट कधी ना कधी विसंगत होते.

येथे एक सूचना आवश्यक आहे. जावकेत नसलेल्या आवकेचा क्रमांक लिहिला गेल्यास डेटाबेसने तो नाकारावा, अशी आपली अपेक्षा असते. एसक्यूलाइट ही पडताळणी सहसा आपणहून करीत नाही. प्रत्येक वेळी डेटाबेस उघडल्यावर 'फॉरेन कीज' ही सोय चालू करण्याची आज्ञा द्यावी लागते.

६. देवनागरीसंबंधी दक्षता

आजच्या साधनांत देवनागरी मजकूर विनासायास साठविता येतो. तक्त्यांची व स्तंभांची नावेसुद्धा देवनागरीत ठेवता येतात. तथापि पुढील चार ठिकाणी आमची फसगत झाली.

अंक : कंपाउंडरने परिमाणाच्या रकान्यात '१२' असे देवनागरी अंक लिहिले. एसक्यूलाइटने ते संख्या म्हणून न ओळखता मजकूर म्हणून, कोणतीही तक्रार न करता, साठविले आणि बेरजेत त्यांची किंमत शून्य धरली. पायथॉनला मात्र देवनागरी अंक कळतात. म्हणून आलेले परिमाण पायथॉनच्या 'इंट' या कार्यातून आधी संख्येत रूपांतरित करावे व मगच डेटाबेसकडे सोपवावे.

तारीख : दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिलेली तारीख मजकूर म्हणून लावली असता क्रम चुकतो. ०५-०१-२०२७ ही तारीख १०-१२-२०२६ च्या आधी येते, कारण संगणक प्रथम ०५ व १० यांचीच तुलना करतो. यास्तव साठविताना वर्ष-महिना-दिवस हाच क्रम आणि इंग्रजी अंक ठेवावेत. ब्राउझरचा तारखेचा रकाना याच क्रमाने माहिती पाठवितो. पानावर दाखविताना ती आपल्या रूढ क्रमाने दाखवावी.

बॅच क्रमांक : हा दिसावयास अंक असला तरी मजकूर म्हणूनच साठवावा. अन्यथा '००४५' चे '४५' होते आणि लेबलाशी मेळ बसत नाही. मागेपुढे राहिलेली मोकळी जागा काढून टाकावी व रोमन अक्षरे मोठ्या लिपीत करून घ्यावीत. दोन निर्मात्यांचे बॅच क्रमांक समान असू शकतात, म्हणून शोध घेताना औषध व निर्माता यांसह घ्यावा.

नाव : जावक नोंदविताना औषधाचे नाव टंकित करू देऊ नये, यादीतून निवडू द्यावे. गुळवेल, गुडूची व अमृता ही तीन नावे यंत्रास तीन भिन्न द्रव्ये वाटतात. निघंटूत 'अमृता' हा पर्याय गुडूचीस आहे, तसाच हरीतकीसही आहे. वैद्यास संदर्भाने अर्थ कळतो, यंत्रास संदर्भ नाही. म्हणून एका औषधास एक क्रमांक व एक नाव ही शिस्त पाळावी.

७. मुदत कोणी ठरवावयाची?

आमच्या पहिल्या आराखड्यात निर्मितीच्या तारखेवरून मुदतीची तारीख यंत्राने काढावी, अशी योजना होती. विचारांती ती सोडून दिली. शार्ङ्गधर संहितेत चूर्ण दोन महिन्यांनंतर, तर गुटिका व अवलेह एका वर्षानंतर हीनवीर्य होतात असे सांगितले आहे. आसव, धातू व रस हे मात्र जुने झाल्यावर अधिक गुणवान मानले आहेत. दुसरीकडे, औषध नियम, १९४५ मधील नियम १६१-ब मध्ये कल्पांच्या मुदतीविषयी तरतूद असून त्यानुसार लेबलावर छापलेली तारीख आपणांस पाळावी लागते. ही दोन परिमाणे एक नव्हेत आणि त्यांचा मेळ घालणे हे आज्ञावलीचे काम नव्हे.

त्यामुळे विकत घेतलेल्या औषधास लेबलावरील तारीख पाहूनच भरावी, ती रिकामी ठेवता येऊ नये. केवळ महिना व वर्ष छापले असल्यास त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. दवाखान्यातच सिद्ध केलेल्या औषधाची तारीख वैद्याने स्वतः विचारपूर्वक घालावी. मुदत संपलेली बॅच जावकेच्या यादीत दिसूच नये, अशी अट मात्र यंत्रात अवश्य घालावी. उरलेल्या बॅचेस लवकर मुदत संपणारी प्रथम, या क्रमाने दाखवाव्यात. ती वापरावी की नाही, हा निर्णय रंग, गंध व चव पाहून वैद्यानेच घ्यावयाचा आहे.

८. पथ्यापथ्य

(१) फ्लास्कमध्ये चुका शोधण्यासाठी 'डीबग' ही अवस्था असते. ती शिकताना उपयोगी आहे. परंतु ती चालू ठेवून ॲप्लिकेशन इतरांस खुले केल्यास परक्या व्यक्तीस आपल्या संगणकावर आज्ञा चालविण्याचे द्वार उघडे होऊ शकते. प्रत्यक्ष वापरात ती बंदच असावी.

(२) 'फ्लास्क रन'ने सुरू होणारा सर्व्हर केवळ चाचणीसाठी आहे. दवाखान्यातील दोन-तीन संगणकांवरून वापर करावयाचा असल्यास 'वेट्रेस' हा सर्व्हर वापरावा. तो विंडोजवरही चालतो. ॲप्लिकेशन दवाखान्याच्या अंतर्गत जाळ्यापुरतेच ठेवावे व त्यास संकेतशब्द असावा. इंटरनेटवर ठेवण्याची हौस जाणकाराच्या साहाय्याशिवाय करू नये.

(३) वापरकर्त्याने भरलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत शब्दशः जोडू नये. त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मूल्य वेगळे पाठवावे. अन्यथा रकान्यात लिहिलेला खोडसाळ मजकूर आज्ञा म्हणून अमलात येऊ शकतो.

(४) रुग्णाचे नाव, पत्ता व रोग या ॲप्लिकेशनमध्ये भरू नयेत. केसपेपरचा क्रमांक पुरेसा आहे. नाव कपाटातील केसपेपरवर आहेच. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. जी माहिती आपण साठविलीच नाही, ती आपल्याकडून फुटत नाही.

(५) दररोज सायंकाळी डेटाबेसची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरा. फाइल वापरात असताना नुसती नक्कल करू नये. पायथॉनच्या एसक्यूलाइट विभागातील 'बॅकअप' ही सोय वापरावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत आहे, असे मानू नये.

(६) ज्या नोंदी कागदावर ठेवणे आपणांस बंधनकारक आहे, त्या पूर्ववत चालू ठेवाव्यात.

९. परीक्षा व तिचा निष्कर्ष

तीन महिने वापर झाल्यावर आम्ही एक परीक्षा घेतली. कपाटातून कोणतेही एक पाकीट उचलावयाचे, त्याचा बॅच क्रमांक बॅचशोधाच्या पानावर घालावयाचा आणि आलेली यादी केसपेपरांशी ताडून पाहावयाची. यादी क्षणार्धात आली. ज्या कामास पूर्वी दोन रात्री लागल्या, ते काम चहा निवण्याआधी झाले. मला समाधान वाटले.

तेवढ्यात कंपाउंडरने एक साधा प्रश्न केला : "डॉक्टरसाहेब, पण पाकीट फोडल्यावर चूर्ण बरणीतच जाते ना? बरणीत आधीचे शिल्लक असतेच."

हा प्रश्न निरुत्तर करणारा होता. संगणकाने दाखविलेल्या यादीत प्रत्येक रुग्णापुढे एकच बॅच होती. बरणीत मात्र जुन्या चूर्णावर नवे ओतले जात होते आणि रुग्णाच्या पुडीत दोन बॅचेस जात होत्या. नोंद निर्दोष होती, तरीही खरी नव्हती. पावसाळ्यातील त्या पत्राच्या वेळी असे ॲप्लिकेशन आमच्यापाशी असते, तरी आम्ही आत्मविश्वासाने चुकीच्या रुग्णांस दूरध्वनी केले असते.

यावर आज्ञावलीत उपाय नाही. उपाय बरणीत आहे. आता आमच्याकडे बरणी पूर्ण रिकामी होऊन, धुऊन, कोरडी झाल्याखेरीज नवे पाकीट फोडले जात नाही. प्रत्येक बरणीवर चालू आवकेचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते आणि जावक नोंदविताना तोच क्रमांक निवडला जातो. तळाशी उरलेले थोडे चूर्ण टाकून द्यावे लागते, त्याचीही जावक 'निर्गत' म्हणून होते. त्यात थोडे नुकसान आहे, ते आम्ही पत्करले आहे.

उपसंहार

फ्लास्कसारखे हलके साधन शिकणे कठीण नाही. आमच्या ॲप्लिकेशनची सर्व आज्ञावली काही पानांत मावते. कठीण आहे ते आपल्या नित्याच्या व्यवहाराकडे त्रयस्थ दृष्टीने पाहणे : पाकीट कोठे फुटते, चिठ्ठी कोण लिहितो, गर्दीच्या वेळी काय राहून जाते. ज्यांना संगणकाकडे वळावयाचे नाही, त्यांनीही या लेखातील एक गोष्ट उद्याच करावी. केसपेपरवर औषधाच्या नावापुढे बॅच क्रमांक लिहावा आणि जुन्या बरणीत नवे औषध ओतणे थांबवावे. यंत्र त्यानंतर केव्हाही आणता येईल.